दोन मिनिटं चौदा सेकंद

टाम्पेरेत, बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत
महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आम्ही जमतो:
आठ-नऊ माणसं, दोन स्पीकर,
त्यातला डावा थंडीत खरखरतो.
नियम एकच. ज्याची धून वाजते
त्यानं तोंड उघडायचं नाही
सगळ्यांचं बोलून होईपर्यंत.

मी बस दुरुस्त करते.
दिवसभर इंजिनांचं ऐकूनच घेते,
तेव्हा वाटलं, जमेल.

माझी धून त्या जुन्या खेळातली,
पाणबुड्याची, चौथ्या गुहेतली.
मूळ यंत्रात तीनच आवाज मावायचे.
मी चाळीस घातले.
व्हायोलिनं, ढोल, झांजा, चर्चमधला कॉयर,
अकरा महिन्यांच्या रात्री,
आणि भावासोबत एकाच कंट्रोलरवर
आळीपाळीनं बुडालेलं सगळं बालपण.

संपली तेव्हा साकारी म्हणाला, "छान."
छान म्हणजे पाहुण्याला दारातच दिलेलं पाणी.
तहान भागते,
पण आत या असं कुणी म्हणत नाही.
इल्मो म्हणाला, बेस आणि ढोल
एकाच खुर्चीसाठी भांडताहेत,
शेवटी दोघंही उभेच.
मी बाटलीचं लेबल नखानं सोलत राहिले.

मग ओर्वोक्की. एकसष्ट वर्षांची,
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात डाव फिरवलेली.
तिनं डोळे मिटूनच विचारलं,
"पाणबुड्या कुठे गेला?
या गर्दीत मला तो दिसलाच नाही.
दोन मिनिटं चौदा सेकंदांवर एकदा
त्यानं श्वास घेतल्यासारखं वाटलं,
तर तू लगेच तोंडावर झांजा आपटल्यास.
आणि तो कॉयर माझ्या मयताला लाव."

नियम होता म्हणून गप्प.
नाहीतर जिभेच्या टोकावर होतं,
म्हातारे, तू कधी हा खेळ खेळलीस तरी का?

ट्राममध्ये तिच्या चुका मोजत गेले.
घरी बूट न काढताच फाइल उघडली,
ती चुकली आहे हे सिद्ध करायला.
दोन-चौदा.
झांजा बंद केल्या.
आणि ऐकू आला माझ्याच फ्रिजचा गुरगुराट,
कांतेलेच्या शेवटच्या तारेमागे
रेकॉर्ड करताना राहून गेलेला.
गुहेला तळ असावा तसा.

त्यानंतर दीड महिना मी फक्त काढत होते.
अरुंद जिन्यावरून कपाट उतरवावं
तसं एकेक वाद्य, भिंतीला न घासता.
कॉयरपाशी हात अडला.
काढला.

फेब्रुवारीत पुन्हा वाजवली. खिडकीच्या काठापर्यंत बर्फ.
ओर्वोक्कीनं पुन्हा डोळे मिटले.
"आता दिसला," म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "कॉयरबद्दल मी चुकले.
त्यातला एक आवाज परत आण. एकच.
फार एकटा पडलाय बिचारा."

मला हसू आलं, रागही आला.
मी दोन्ही वहीत टिपून ठेवलं,
वेळेच्या आकड्यासकट.

आज एक नवा पोरगा आलाय, एलिएल. पंधराचा असेल.
त्याची धून इतकी जोरात
की पडद्यावरच्या सगळ्या रेषा लाल,
आणि डावा स्पीकर जीव तोडून खरखरतोय.
तो हुडीच्या बाहीत हात ओढून
जमिनीकडे बघत बसलाय.
इल्मोनं खुर्चीचं सांगून झालं.

माझी पाळी.
आधी ओठांवर तेच येतं, छान.
गिळते.
मग लाल रेषा येतात. त्यांनाही म्हणते, थांबा जरा,
तुमचं पुढच्या गुरुवारी बघू.
एक मिनिट सहा सेकंदांवर
सगळ्या कल्लोळाखाली एक शिट्टी आहे,
किंचित बेसूर, बहुतेक त्याच्याच तोंडची.

"ही शिट्टी," मी विचारते,
"शेवटी घातलीस की आधीपासून होती?"

बोलायचं नाही हे तो विसरतो.
"आधी," म्हणतो. "सगळ्यांच्या आधी."

कुणीच त्याला नियमाची आठवण करून देत नाही.
ओर्वोक्की डोळे उघडते.